केतू, पेडलवर कोण होतं?

प्रिय केतू,

रविवारी तू फोन ठेवलास तो ठेवलासच, नंतर माझ्या मेसेजला नुसता अंगठा. म्हणून लिहायला बसलेय. बाबा म्हणाले व्हॉइस नोट टाक, पण त्यात माझा आवाज चढतो आणि तू ती डबल स्पीडने पळवतेस हे मला माहितीये, पिंट्याने सांगितलंय मला.

भांडायला लिहीत नाहीये हे आधीच सांगते. मी फक्त एवढंच विचारलं होतं की तिकडे इंग्लंडात तू सुट्या भागांतून जी गाडी जोडतेयस, तिच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढलीस तेव्हा पेडलवर कोण होतं. तू म्हणालीस कोणी नव्हतं, प्रेशरची बाटली मिळते, एकटीला जमतं, आई मी इंजिनिअर आहे. आणि कट.

मिळते गं ती बाटली, मला माहितीये. बाबांनी लगेच यूट्यूबवर शोधून दाखवली. स्टेपनीची हवा वीस पीएसआयच्या खाली आणायची, तिची नळी बाटलीला, बाटली ब्रेक ऑइलच्या मास्टर सिलिंडरला, की हवेच्या दाबाने ऑइल आपोआप ढकललं जातं आणि आपण एकेका चाकाचा हवा काढायचा निपल उघडत फिरायचं. चांगली आयडिया आहे. माझं म्हणणं ब्रेकबद्दल नव्हतंच, म्हणजे होतं, पण नुसतं ब्रेकबद्दल नव्हतं. तू ज्या गाडीचा बोल्ट न् बोल्ट स्वतः आवळतेयस ती गाडी तूच तपासणार, तूच सही करणार आणि तूच त्यात बसून निघणार. आमच्या भोसरीच्या कंपनीत हे चालत नव्हतं. आवळणारा वेगळा, तपासणारा वेगळा. आवळणारा वाईट म्हणून नाही, त्याला आपलं काम बरोबरच दिसतं म्हणून. पन्नास वर्षांचे मुरलेले फिटर असायचे, त्यांच्या असेंब्लीवरही काल लागलेली क्वालिटीची पोरगी टॉर्क रेंच लावून बोल्ट किती आवळलाय ते मोजायची आणि ते काही बोलायचे नाहीत. (एक बोलायचे. आडनाव सांगत नाही, तुझ्या मुंजाबाच्या बोळातल्या मैत्रिणीचे सासरे आहेत ते आता.)

बरं, तू टॉर्क रेंच ऑनलाइन घेतलास ना, त्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आलं होतं का? पाच हजार वेळा वापरला किंवा वर्ष झालं की परत करून घ्यायचं असतं. आणि काम झालं की सेटिंग खाली आणून ठेवायचं, आहे तसाच ताणून पेटीत टाकायचा नाही, आतली स्प्रिंग बसते. तुला माहिती असणार. सॉरी. लिहायचं नाही म्हणता म्हणता लिहिलंच.

खरं सांगू का, इथे आम्ही काय करतो ते तुला माहिती नाही. बाबा रोज सकाळी दुर्गा टेकडीवरच्या ग्रुपला तुझ्या गाडीचा रिपोर्ट देतात. आज इंजिन बसलं, आज स्टिअरिंग कॉलम बसला, तू आम्हाला ज्या दिवशी फोटो टाकतेस त्याच्या दुसऱ्या दिवशी. जेवताना मला इतिहास ऐकवतात, की ही मूळची लोटस सेव्हन, १९५७ ची, कॉलिन चॅपमन म्हणून एका माणसाने काढली, आणि तेव्हा तिकडे तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा पण सुटे भाग घेऊन घरी जोडली तर लागायचा नाही, म्हणून लोक खोक्यातून गाडी आणायचे. मग १९७३ मध्ये लोटसने ती सोडली आणि कॅटरहॅमवाल्यांनी हक्क घेतले ते आजपर्यंत बनवतायत. म्हणजे टॅक्स वाचवायला सुरू झालेली गोष्ट आणि आता तू जास्तीचे पैसे आणि सगळे शनिवार घालून ती करतेयस! बाबा म्हणाले यालाच हौस म्हणतात, तुला नाही कळायची. मला नाही कळत? तुला तो चांदणीचा भरतकामाचा फ्रॉक कोणी शिवला होता मग.

तू सुझुकीच्या इंजिनवाली घेतलीस याचा तर त्यांना इतका आनंद झालाय, ६६० सीसी म्हणजे आपल्या मारुतीपेक्षा लहान, वर टर्बो, आणि आख्खी गाडी ४४० किलोची. आपली मारुती साडेसहाशेच्या आसपास होती आणि तिला लोक डबडं म्हणायचे. त्यांना हलकी म्हणून कौतुक आहे आणि मला त्याच आकड्याने झोप नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, दारं म्हणजे कापडाचे पडदे, आणि तुमच्या त्या मोटरवेवर शेजारून चाळीस टनांचे ट्रक जातात. मी हे बोलणार नव्हते.

तुला वरंधा घाट आठवत नाही, तू मागच्या सीटवर झोपली होतीस. महाडला माईआत्याकडे चाललो होतो, मे महिना, गाडीत सामान ठासून, आणि निम्मा घाट उतरल्यावर बाबा एकदम बोलायचे थांबले. मी बघितलं तर त्यांचा पाय पेडलवर आणि पेडल खालीच जातंय, परत मारलं की थोडं धरतंय, परत खाली. त्यांनी दुसऱ्यात टाकली, मग पहिल्यात, हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूला नाल्यात चाक घातलं आणि थांबले. मग खूप वेळ कोणीच काही बोललं नाही. ब्रेक ऑइल जुनं झालेलं, ते हवेतलं पाणी धरतं. नवं डॉट फोर ऑइल २३० डिग्रीला उकळतं आणि पाणी धरलं की १५५ लाच, आणि उकळलं की त्यात वाफ होते आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. हे मला कंपनीत पाठ होतं. पण ते पेडल खाली जाताना बघणं वेगळं.

त्यानंतर दरवर्षी पावसाळ्याआधी बाबा ऑइल बदलायचे आणि पेडलवर तू. पाठीमागे सोफ्याच्या दोन उशा, तरी पाय टेकायचा नाही म्हणून सीटच्या कडेला सरकून स्टिअरिंगला लोंबकळून बसायचीस. बाबा चाकापाशी आडवे, निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. दाब. धर. धरलं? धरलं बाबा! मग ते निपल उघडायचे, नळीतून बुडबुडे यायचे, पेडल खाली जायचं आणि तू ओरडायचीस गेलं गेलं. सोडू नको! मग निपल बंद, आता सोड. खालच्या जोशीकाकू विचारायच्या काय चाललंय, कोणाला ओरडताय. एकदा तू घाईत आधीच सोडलंस आणि सगळी हवा परत आत, बाबा काही बोलले नाहीत, परत पहिल्या चाकापासून सुरू. आणि तो मडगार्डवर थेंब उडाला होता आणि रंग फुगून आला होता, तो डाग गाडी विकेपर्यंत होता. विकताना त्या माणसाने त्याचे पैसे कमी केले.

मला एवढंच वाटतं की "धरलं" म्हणायला कोणीतरी असावं. कोणी म्हणजे कोणीही. शेजारचा तो रिटायर्ड इंग्रज आहे ना कुत्रेवाला, त्याला बोलाव. ऑफिसमधलं कोणी. रोहनचं मी काही विचारत नाही, ठरलंय आपलं.

तू म्हणशील तपासायला सरकार आहे. आहे, ती आयव्हीए, गाडी रस्त्यावर आणण्याआधीची तपासणी, मी बाबांकडून समजून घेतलीय. सीटबेल्टचे हुक बघतात, आरसे, ब्रेक, आवाज, धूर, स्पीडोमीटर खरं दाखवतो का ते, आणि बाहेरची कडा अडीच एमएम तरी गोल पाहिजे नाहीतर नापास. म्हणून तुम्ही लोक सगळीकडे रबर लावत बसता. चांगलंय. इथे तर घरी गाडी बनवून नंबरप्लेट लावणं विसरच, मॉडेल आधी टेकडीवरच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत पास करून घ्यावं लागतं, एकेकट्या माणसाच्या हौसेला कायद्यात जागाच नाही. तिकडे आहे, हे मला आवडलं. पण केतू, तो परीक्षक कडा मोजेल, तुझा चाक धरणाऱ्या विशबोनचा बोल्ट किती न्यूटन मीटरला आवळलाय हे तो बघायला जाणार नाही. ते तुझ्यावर सोडलेलं असतं. आणि कंपनीवाले स्वतः पोस्ट बिल्ड चेक, म्हणजे जोडून झाल्यावरची तपासणी, करून देतात असं त्यांच्याच साइटवर आहे. तू त्यावर म्हणालीस मग मी बनवली असं कसं म्हणू. का नाही म्हणायचं? भरतकाम मी केलं आणि शेवटचा धागा तुझ्या आजीने तोडला तर फ्रॉक आजीचा होतो का.

बघ, परत लेक्चर. सोडते.

पिथमपूरहून बाजाची, कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धेची, तुमची टीम परत आली तेव्हाचं तुझं नाक मला आठवतं, उन्हाने सोललेलं. गाडी तिसऱ्या की कितव्या तासाला बंद पडली म्हणून सगळे रडवेले आणि तू मात्र सांगत सुटली होतीस, की आई टेक्निकलला जजने प्रत्येक नट बघितला, नायलॉक नटच्या बाहेर बोल्टचे दोन आटे दिसलेच पाहिजेत म्हणाला, आणि आपले सगळे दिसले! सगळे दिसले. शर्यत हरल्याचं काहीच नाही. मी तेव्हा बाबांना म्हटलं ही माझ्यावर गेली. ते म्हणाले नखरे तुझ्यावर, हात माझ्यावर. त्यांचा हात आता तसा राहिला नाहीये, तू बघशील डिसेंबरात आलीस तर. कप पूर्ण भरून देत नाही मी त्यांना. त्यांना तू सांगू नकोस मी लिहिलं म्हणून. तुझ्या गाडीचं मॅन्युअल त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट करून स्पायरल करून आणलंय आणि भिंग घेऊन वाचतात, मार्जिनमध्ये पेन्सिलीने खुणा करतात. त्यांनीच दाखवलं मला की अर्धे बोल्ट इंची आहेत आणि अर्धे एमएम. लक्ष ठेव हं. तेराचा पाना अर्ध्या इंचीच्या नटावर बसतो आणि बसला असं वाटतं, पण जोर लावला की कोपरे खातो, आणि मग तो नट कधीच नीट आवळला जात नाही. पाने वेगळ्या ट्रेमध्ये ठेव. आणि जॅकवर कधीही खाली जाऊ नकोस, स्टँड लाव, चारही. हे शेवटचं.

तर मी काय ठरवलंय ते सांगते, आवडलं नाही तर नको म्हण. रविवारी तुझे सकाळचे दहा म्हणजे आमचे दुपारचे साडेतीन, बाबांची झोप झालेली असते. तू फोन स्टँडवर लाव, रेंच लाव, मॅन्युअलमधला आकडा मोठ्याने वाच, आवळ, क्लिक ऐकव, आणि पांढऱ्या मार्करने नटावरून बोल्टवर रेघ ओढ. मी इकडे वहीत लिहीन. कुठला बोल्ट, किती, तारीख. पुढचे विशबोन, स्टिअरिंग कॉलम, चारही चाकांचे ब्रेक, सीटबेल्ट, एवढंच, सीटखालचा गालिचा नाही बघणार मी. बाबा त्यांच्या प्रिंटमधून आकडा चेक करतील, म्हणजे तू वाचलास तोच आहे का. तू बनवलीस तूच बनवलीस. आम्ही नुसतं रेंच न लावणारे क्वालिटीवाले.

पण लाइट नीट लाव. तो पिवळा बल्ब नको, त्यात मला रेघ आणि गंज एकच दिसतात. आणि ब्रेक परत एकदा कर, यावेळी त्या कुत्रेवाल्या काकांना पेडलवर बसव, इंग्लिशमध्ये काय म्हणायचं ते तू बघ.

पिंट्या जानेवारीत मँचेस्टरला येतोय, त्याच्याबरोबर भाजणी आणि मेतकूट पाठवतेय. चकल्या त्याच्याकडे देणार नाही, रस्त्यात संपतात. पोस्टकोड परत पाठव, मागचा तू बदललास.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतायत रंग कुठला ठरवला. मी म्हटलं पिवळा नको, किडे बसतात. ते म्हणाले इंग्लंडात बसत नाहीत. तू सांग.