फोडणी बंद

जुरोंग वेस्ट, सिंगापूर
रविवार

ती. सौ. ताईस सा. न.

फोनवर बोलताना आई शेजारी असते, म्हणून लिहितोय.

खोली मिळाली एकदाची. पहिल्या मालकिणीनं नावाआधी "इंडियन?" विचारलं आणि फोन ठेवला. दुसऱ्यानं खोली दाखवून संध्याकाळी "गेली" म्हणून कळवलं. जाहिरात मात्र नंतरही तशीच होती. या घरात अट एकच, 'लाइट कुकिंग'. म्हणजे मॅगी करा, अंडी उकडा; फोडणी बंद. तू दिलेला कांदा-लसूण मसाला कच्च्या तेलात कालवून पावाबरोबर खातो, तेही खिडकी उघडून. डब्याचं झाकण काढलं की मालकीण खोकते!

१९८९ पासून इथं सरकारी इमारतींत चिनी, मलय, इंडियन किती टक्के असावेत हे ठरलेलं आहे. वेगळ्या वस्त्या पडू नयेत म्हणून. हेतू चांगलाच. त्यामुळे लिफ्टमध्ये सगळे एकत्र असतात आणि सगळे मोबाइलमध्ये बघतात.

आणि इंडियन म्हणजे तमिळ, हे इथं गृहीतच. सेरंगून रोडवर वीरमाकाळीच्या देवळाजवळ फुलवाली तमिळमध्ये बोलली. मी इंग्रजीत उत्तर दिलं तर तिला वाटलं, मुद्दाम भाव खातोय. हार देताना पुन्हा तमिळच!

मराठी मंडळींच्या गणपतीला गेलो होतो. आरतीला अंगावर काटा आला. जेवताना एका काकांनी विचारलं, "कुठल्या बँकेत?" म्हटलं, टुआसच्या शिपयार्डात, वेल्डिंग तपासतो. "वा, वा," म्हणाले आणि पलीकडच्याशी फ्लॅटच्या किमतींवर बोलू लागले. मोदक मस्त होते, खोटं कशाला बोलू.

त्यापेक्षा आमचा रिगर बरा, क्रेनला ओझी बांधणारा, बांगलादेशातल्या बारिसालचा. लॉरीच्या हौद्यात बसून कामावर येतो. त्याचा डबा पहाटेच भरलेला असतो, दुपारपर्यंत भात आंबतो. त्याची हिंदी सगळी सिनेमातली, "अरे ओ भाई"च्या पुढं फारशी जात नाही. एकदा त्याच्या भातावर मसाला घातला. डोळ्यांत पाणी आलं, पण डबा चाटूनपुसून संपवला. आता रोज आधी माझ्या पिशवीकडं बघतो, मग माझ्याकडं. कुणी येणार असेल तर अर्धा किलो जास्त पाठव.

आण्णांच्या मोतीबिंदूची तारीख ठरली की कळव, पगार झाला की लगेच पैसे टाकतो. आईला खोलीचं सांग, फोडणीचं नको. नाहीतर मालकिणीचा नंबर मागून घेईल.

तुझा,
बाळू