दिल्लीत लक्ष्मीनगरच्या खोलीत सामान लावण्याआधी

पुणे, ५ ऑक्टोबर

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "पराली जाळायला लागले की दिल्लीची हवा बिघडते, मग नोव्हेंबर संपला की सुटका ना?" त्याचं उत्तर तेव्हा अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते. सुटका होत नाही. पंजाब-हरियाणातली परालीची, म्हणजे भाताच्या उरलेल्या काडाची, जाळपोळ नोव्हेंबरअखेर आटोपते आणि तरी डिसेंबर-जानेवारीत हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (जितका जास्त तितकी हवा वाईट) तीनशे-चारशेच्या घरातच फिरत असतो. काड जळायचं थांबल्यावरही हवा तशीच राहत असेल, तर कारण तेवढंच नाही हे उघड आहे. ते नीट समजलं की खिडकी कधी उघडायची, मास्क कधी लावायचा आणि पैसे कशावर घालायचे हे तुला कुणाला विचारावं लागणार नाही.

फोडणीत लाल मिरची टाकताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी असली तर एखादी शिंक येते. बंद असली तर घरभर खकाणा होतो. मिरची तेवढीच असते. दिल्लीच्या हवेचंही तसंच. मे महिन्यात दिल्लीची जमीन तापते, हवा वर चढते आणि शहराचा धूर दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत मिसळून विरळ होतो. डिसेंबरच्या रात्री जमीन झपाट्यानं निवते, तिच्यालगतची हवाही निवते, आणि डोक्यावर तिच्यापेक्षा उबदार हवेचा थर बसतो. खालची थंड हवा जड, ती त्या थराच्या वर जाऊ शकत नाही. मग तोच धूर दोन-तीनशे मीटरांत, कधी त्याहूनही कमी उंचीत कोंडतो. मुंबईला निदान दुपारी समुद्रावरचं वारं येऊन झाडलोट करून जातं. दिल्लीला समुद्र नाही, उत्तरेला हिमालयाची भिंत आहे, आणि हिवाळ्यात वारा पडलेला असतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर डिसेंबरात एखाद्या सकाळी सातला गच्चीवर जा. गल्लीतल्या ढाब्याच्या तंदूरचा धूर आधी सरळ वर जातो आणि मग एका उंचीवर अडल्यासारखा आडवा होऊन ताटासारखा सपाट पसरतो. तो जिथे आडवा होतो तिथे त्या उबदार थराचं झाकण आहे. ऊन चढलं की ती रेघ विस्कटत जाते. दुपारी दोन ते चार या वेळात झाकण सगळ्यात वर असतं आणि बहुतेक दिवशी हवा त्यातल्या त्यात बरी असते. रात्री दहापासून सकाळी नऊपर्यंत ती सगळ्यात वाईट. शिवाय अवजड ट्रकना दिवसा शहरात मज्जाव असल्यानं ते रात्री शिरतात, म्हणजे झाकण बसलेलं असतानाच डिझेलचा धूर वाढतो.

आता कोंडतं काय, ते. गाड्यांचा धूर, रस्त्यावरची आणि बांधकामांची धूळ, कारखाने, वीटभट्ट्या, कोळशावरची वीजकेंद्रं, चुलीतली लाकडं-गोवऱ्या, उघड्यावर जाळलेला कचरा. धुळीचे कण बहुतांशी जाड असतात, ते पीएम १० मध्ये, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांत, दिसतात आणि बरेचसे नाका-घशातच अडतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फुप्फुसात खोलवर जातात आणि काही अंशी रक्तातही उतरतात ते पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक. आपला केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज कर.

यातला एक भाग लोकांच्या ध्यानातच येत नाही. हिवाळ्यातल्या बारीक कणांचा मोठा हिस्सा कुठल्याच धुराड्यातून कण म्हणून बाहेर पडलेला नसतो. कोळशातून गंधकाचा वायू निघतो, गाड्यांतून नायट्रोजनचे वायू निघतात, शेतातल्या युरियातून आणि गुरांच्या शेणामुतातून अमोनिया निघतो. गारठ्यात आणि धुक्याच्या थेंबांत या तिघांची गाठ पडते आणि हवेतच त्यांचे क्षार बनतात, अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट. म्हणून नुसते रस्ते झाडून आणि पाणी मारून पीएम २.५ फारसा उतरत नाही. वीजकेंद्रांनी गंधकाचा वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवावी असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला. मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, कारण हा वायू शेकडो किलोमीटर जातो आणि त्याचे कण तुम्हां सगळ्यांच्या छातीत जमा होतात. याउलट एक गोष्ट चांगली झाली: १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (भारत स्टेज ६) या मानकाचं इंधन आलं आणि गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं.

परालीचं खापर सरसकट शेतकऱ्यावर फोडू नकोस. भूजल वाचावं म्हणून पंजाब आणि हरियाणानं २००९ मध्ये कायदे करून भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलली. त्यामुळे कापणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धावर गेली आणि गव्हाच्या पेरणीला जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. कम्बाइन हार्वेस्टर वरची लोंबी नेतं, खाली फूटभर काड उभं ठेवतं. ते काढायला मजूर आणि डिझेल लागतं, जाळायला एक काडी पुरते. वारा वायव्येकडून आला तर एखाद्या दिवशी दिल्लीच्या पीएम २.५ मध्ये परालीचा वाटा तीस-चाळीस टक्क्यांवर जातो, वारा फिरला की दोन-चार टक्क्यांवर येतो. बाकीचं मग शहराचं आणि त्याच्या आजूबाजूचं स्वतःचं.

आता आकडा वाचायचा कसा. आपला राष्ट्रीय निर्देशांक आठ प्रदूषकांवर बेतलेला आहे, पण तो त्यांची सरासरी नसतो. प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सगळ्यात वाईट तोच निर्देशांक म्हणून सांगतात. दिल्लीच्या हिवाळ्यात तो बहुधा पीएम २.५ चाच असतो. पीएम २.५ दर घनमीटरला १८० मायक्रोग्रॅम असेल तर निर्देशांक साधारण ३४६, म्हणजे 'अतिशय खराब'. हा हिशेब चोवीस तासांच्या सरासरीवर असतो, त्यामुळे दुपारी चारच्या पत्रकात रात्री दोनची उसळी विरघळून जाते. आणि तो ५०० च्या वर दाखवतच नाहीत. खासगी ॲपवर वेगळा आकडा दिसला की गोंधळू नकोस, कारण त्यातली कित्येक अमेरिकी पट्ट्या वापरतात. पीएम २.५ बरोबर ६० असेल तर आपल्याकडे निर्देशांक १०० येतो आणि हवा 'समाधानकारक' ठरते. अमेरिकी पट्टीवर तीच हवा १५० च्या पुढे जाऊन अपायकारक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मर्यादा १५ आहे. म्हणून तू निर्देशांक सोड आणि पीएम २.५ चे मायक्रोग्रॅम, तेही त्या त्या तासाचे, बघायची सवय लाव. आणि आनंद विहारच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचा आकडा बघून घाबरू नकोस. तिथे बसस्थानक आहे, रेल्वे टर्मिनस आहे आणि गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर हाकेवर आहे. तुझ्या खोलीसाठी पटपडगंजचं केंद्र जास्त जवळचं. उद्याचा अंदाज 'सफर'वर मिळतो. ती यंत्रणा आपल्या पुण्यातल्याच उष्णदेशीय हवामान संस्थेनं उभी केलेली आहे.

आता खोली. दिवसातले चौदा-पंधरा तास तू तिथेच असणार, म्हणून पैसा तिथे घाल. बारा बाय दहा फूट, उंची दहा फूट, म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा सगळी हवा गाळली गेली पाहिजे, म्हणजे हवा गाळणाऱ्या यंत्राची, प्युरिफायरची, स्वच्छ हवा देण्याची क्षमता, खोक्यावर सीएडीआर म्हणून लिहिलेली असते ती, तासाला १७० घनमीटर तरी हवी. हा आकडा पंखा पूर्ण वेगात असतानाचा असतो. रात्री आवाज नको म्हणून स्लीप मोड लावलास आणि क्षमता ६० वर आली, तर हवा तासाला दोनदाही गाळली जात नाही, आणि फटींतून येणारी घाण त्यावर मात करते. त्यामुळे २५०-३०० चं यंत्र घे आणि मधल्या वेगावर चालव. दार-खिडकी बंद करून अर्धा-पाऊण तास दिलास तर बहुतेक कण उतरलेले दिसतील.

हेपा फिल्टर, म्हणजे बारीक कण अडकवणारा घड्यांचा फिल्टर, लागतोच. आयोनायझर किंवा ओझोन सोडणारं काही घेऊ नकोस, ओझोन फुप्फुसाला स्वतःच त्रास देतो. यंत्र भिंतीला चिकटवून किंवा पडद्यामागे ठेवू नकोस, चहूबाजूंनी फूटभर मोकळं सोड. बाहेरची नायलॉनची जाळी दर पंधरा दिवसांनी धू आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नकोस, नाहीतर कुबट वास धरते. आतला घड्यांचा फिल्टर मात्र कधीही धुवायचा नाही. पाण्यानं त्याचे तंतू फिसकटतात आणि तो वरून धड दिसला तरी कामातून गेलेला असतो. दिल्लीत तो ऑक्टोबरात पांढरा असतो आणि फेब्रुवारीपर्यंत काळपट राखाडी होतो. लक्षात ठेव, तुंबलेला फिल्टर कण पकडायचं सोडत नाही, तो हवा कमी सोडतो. म्हणजे यंत्र चालू दिसतं, दिवा हिरवा असतो आणि खोली गाळली जात नाही. कित्येक यंत्रांतला फिल्टर बदलायचा दिवा नुसते तास मोजतो, मळ मोजत नाही. म्हणून हजार-दोन हजारांचा एक छोटा कणमापक वेगळा घे आणि उशाशी ठेव. दाट धुक्यात तो खिडकीबाहेर धरलास तर पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजेल, त्यावर विसंबू नकोस.

तुझ्या ऑफिसपासून जवळच, कॅनॉट प्लेसला, २०२१ मध्ये २४ मीटर उंचीचा स्मॉग टॉवर, म्हणजे हवा गाळणारा मनोरा, उभारला होता. उघड्या आकाशाखाली हवा गाळणं म्हणजे खिडक्या सताड उघड्या ठेवून प्युरिफायर लावणं. टॉवरच्या अंगणापलीकडे त्याचा उपयोग पोचणार नव्हता आणि पोचला नाही.

पण खोली चोवीस तास बंदही ठेवू नकोस. प्युरिफायर प्राणवायू देत नाही, कार्बन डायऑक्साइड काढत नाही, सकाळी डोकं जड होतं ते त्यानंच. सुट्टीच्या दिवशी दुपारी दोन ते चारमध्ये दहा-पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघड. घरातला धूर वेगळा: उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल आणि तळण बंद खोलीत पीएम २.५ बघता बघता शेकड्यांत नेतात. केरसुणीऐवजी ओल्या फडक्यानं पूस. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते, कितीही गारठा असला तरी बंद खोलीत कोळशाची अंगीठी लावायची नाही, मैत्रिणींनाही लावू द्यायची नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशी माणसं जातात.

मास्क एन-९५ घे, म्हणजे बारीक कणांतले ९५ टक्के अडवणारा, कानामागे नाही तर डोक्यामागे दोन पट्टे जाणारा. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसव, मग तळव्यांनी मास्क झाकून जोरात श्वास सोड. डोळ्यांकडे किंवा गालांकडे वारं जाणवलं तर तो नीट बसलेला नाही. दहावा हिस्सा हवा कडेनं शिरली तर ९५ टक्क्यांचा मास्क ८५ टक्क्यांवर येतो. ओढणी आणि कापडी मास्क या कणांपुढे जवळजवळ निरुपयोगी. धुवायचा नाही, पट्टे सैल झाले किंवा श्वास ओढायला जड जायला लागला की टाकून द्यायचा. लक्ष्मीनगर ते बाराखंबा मेट्रोनं जा, रिक्षात ट्रकच्या सायलेन्सरच्या उंचीवर बसून जाण्यापेक्षा ते किती तरी बरं. सकाळचं धावणं फेब्रुवारी संपेपर्यंत बंद. धावताना आपण बसल्याजागी घेतो त्याच्या कितीतरी पट हवा आत ओढतो, आणि तीही दिवसातल्या सगळ्यात वाईट वेळी.

बरं वाटतंय म्हणून दम्याचा रोजचा इनहेलर परस्पर बंद करू नकोस. दिवाळीआधी डॉक्टरांना एकदा भेट आणि दम लागल्यावर घ्यायचा दुसरा इनहेलर पिशवीत कायम असू दे.

पुढे कधी खोली बदललीस तर मुख्य रस्त्यापासून निदान दोनशे मीटर आत बघ. गाड्यांचा ताजा धूर तेवढ्यात बराच विरतो. खिडकीखाली जनरेटर, तंदूर किंवा पानं जाळायची जागा नाही ना, तेही बघ. आणि एक काम तू पुढाकार घेऊन कर. रात्री इमारतीचा चौकीदार फाटकाशी शेकोटी पेटवतो, त्यात प्लास्टिक आणि रंगवलेल्या फळ्याही जातात. त्याला रागवण्यात अर्थ नाही, त्याला थंडी वाजते. सगळ्या भाडेकरूंनी मिळून वर्गणी काढून त्याला विजेचा हीटर द्या आणि चौकीत प्लग आहे का ते आधी बघा. दिल्लीत सोसायट्यांना तसं सांगितलेलंही असतं, पण कुणीतरी उठून करावं लागतं. तो धूर आधी त्याच्या छातीत जातो, मग तुझ्या खिडकीत येतो.

पार्सलात फोमच्या चिकटपट्टीची दोन रिळं ठेवली आहेत, एक दाराला, एक खिडकीच्या सरकत्या झडपांना. लावण्याआधी चौकटीची कड ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू दे. धुळीवर ती चिकटत नाही, आठ दिवसांत सुटून येते. दाराखालच्या फटीचं माप घेऊन कळव, त्याची रबरी पट्टी इथून कापून पाठवते.

तुझी,
आई