संयुक्त राष्ट्रांचं घर दाखवणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,

सप्रेम नमस्कार. तुझ्या कोटावरच्या बिल्ल्यावर नाव होतं, ते वाचायचं राहून गेलं. न्यूयॉर्कच्या मुख्यालयात त्या दुपारच्या गटात जांभळ्या साडीतली, गुडघे धरून चालणारी जी बाई होती, ती मी. हे पत्र सून इंग्रजीत करून तुमच्या कार्यालयाकडे पाठवेल. पण मनातलं मला मराठीतच नीट सांगता येतं.

सातारा जिल्ह्यातल्या शाळेत मी 29 वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. दर वर्षी फळ्यावर एक गोल काढायचा आणि त्याला सहा फाटे: आमसभा, सुरक्षा परिषद, आर्थिक व सामाजिक परिषद, विश्वस्त मंडळ, आंतरराष्ट्रीय न्यायालय, सचिवालय. न्यायालय तेवढं हेगला, बाकीचे पाचही तुमच्या त्या इमारतीत. मुलं ते पाठ करायची. मी तरी त्यातलं काय पाहिलं होतं?

तू इंग्रजीत भरभर सांगत होतीस आणि मी मागे पडत होते. जिन्यापाशी तू थांबलीस, म्हणालीस, "आंटी, हिंदी चलेगी? मैं काठमांडू से हूँ." त्यानंतर प्रत्येक दालनात सगळ्यांना सांगून झालं की दोन वाक्यं माझ्यासाठी हिंदीत सांगायचीस. हे कोणी तुला करायला लावलं नव्हतं.

सुरक्षा परिषदेत बैठक चालू होती, ते राहिलं. पण आर्थिक व सामाजिक परिषदेत तू मला बसवलंस आणि वर बघायला सांगितलंस. प्रेक्षकांच्या डोक्यावरचं छत स्वीडनच्या वास्तुकाराने मुद्दाम अर्धवट ठेवलंय, नळ, पाइप सगळं उघडं. इथलं काम कधी पुरं होत नाही, म्हणून. विश्वस्त मंडळाबद्दल मी वर्गात 'काम थांबले आहे' एवढंच सांगून पुढे जायचे. 11 प्रदेश त्याच्या देखरेखीखाली होते, शेवटचा, पॅसिफिक महासागरातला पलाऊ, 1994 मध्ये स्वतंत्र झाला, हे तू सांगितलंस. म्हणजे काम संपलं म्हणून ते थांबलं! केवढी मोठी गोष्ट मी एका ओळीत उरकत होते.

नागासाकीहून आलेल्या त्या दगडी मूर्तीपाशी तू काहीच बोलली नाहीस. फक्त मला तिच्या मागच्या बाजूला नेलंस. समोरून संत अॅग्नेस शांत उभी, आणि पाठ भाजून निघालेली. मी अजून ती पाठ विसरलेले नाही.

आणि हंसा मेहता. 10 डिसेंबरला मानवी हक्क दिन आम्ही दर वर्षी साजरा केला, पण हे नाव मी एकदाही घेतलं नाही. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात 'ऑल मेन' होतं, ते 'ऑल ह्युमन बीइंग्ज' व्हावं म्हणून ही भारतीय बाई अडून बसली. आपल्याकडे 'मानव' म्हटलं की बाई त्यात येतेच, म्हणून इंग्रजीतल्या त्या एका शब्दासाठी कोणाला झगडावं लागलं असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं. तू हे सांगताना तुझाही आवाज चढला होता. फार बरं वाटलं.

तिथल्या हिरवळीवर 2022 मध्ये भारताने दिलेला गांधीजींचा अर्धपुतळा आहे, असं तू म्हणालीस. तो घडवणारे राम सुतार आमच्या धुळे जिल्ह्यातले, हे मी सांगितल्यावर तू ते लगेच वहीत टिपून घेतलंस. तुला काहीतरी देता आलं याचं मला समाधान आहे.

आमसभेत पहिल्या जागेवर कोण, हे दर वर्षी चिठ्ठी काढून ठरतं आणि पुढचे देश इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने बसतात, म्हणून पुढचं बाक कोणाच्याच मालकीचं नाही, हे ऐकून मला माझा वर्ग आठवला. 193 देशांच्या त्या गर्दीत तू बोटाने आधी नेपाळ दाखवलंस, मग भारत.

मनापासून आभार, बाळा. दिवसातून कितीदा त्या जिन्यांवरून चढ-उतार करतेस, पायांची काळजी घे. तुझ्या आईला माझा नमस्कार कळव.

तुझी,
एक निवृत्त शिक्षिका