माळ्यावरच्या ट्रान्झिस्टरला डोळे देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानू लागले की तुम्ही "आधी चहा टाक" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. शिवाय आपल्या रामबागेत आणि इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांत माळ्यावर एखादा जुना शॉर्टवेव्ह ट्रान्झिस्टर पडून असेल. तुम्ही मला काय शिकवलंत ते त्या घरांपर्यंतही पोचावं.

आमचा तीन बँडचा सेट २०२० साली माळ्यावर गेला. त्या वर्षी ३१ जानेवारीला बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण थांबलं आणि बाबांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या. पुढे मी एसडीआरचं, म्हणजे संगणकातल्या प्रोग्रॅमने चालणाऱ्या रेडिओचं, डोंगल आणलं. टीव्हीसाठी बनलेल्या या यूएसबी डोंगलमधून कच्चा सिग्नल संगणकात घेता येतो, हे २०१२ साली उघड झालं आणि थोडक्या पैशांत रेडिओचा छंद करणाऱ्यांना मोठंच दालन मिळालं. पण गच्चीवरची तार थेट डोंगलला जोडली की शॉर्टवेव्हवर नुसता चिखल. आकाशवाणी इंदूरचं ६४८ किलोहर्ट्झ इतक्या जोरात आत येई, की डोंगलच्या आठ बिटांत (सिग्नल मोजण्याच्या मोजक्या पायऱ्यांत) दूरच्या बारीक स्टेशनांना जागाच उरत नसे.

तुम्ही स्क्रीनकडे पाहिलंत. महागडा रिसीव्हर घे, असं म्हणाला नाहीत. "घरात जुना ट्रान्झिस्टर आहे का?" एवढंच विचारलंत.

तो प्रश्न मला आजही फार मोलाचा वाटतो. सेटमधला गँग (डायलबरोबर फिरणारा कपॅसिटर) आणि कॉइल मिळून बाहेरची गर्दी दारातच अडवतात, आणि सेट लावलेलं स्टेशन ४५५ किलोहर्ट्झवर आणून ठेवतो. डोंगलने तेवढ्या ४५५ कडेच बघत राहायचं. जुना सेट निवडेल आणि संगणकातला प्रोग्रॅम दाखवेल, अशी ही वाटणी. घरातला वॉल्व्हचा सेट मात्र तुम्ही हातही लावू दिला नाहीत. एसी-डीसी सेटची चेसिस मेन्सच्या एका तारेलाच जोडलेली असते. तिला लॅपटॉप जोडणं म्हणजे जिवाशी खेळ. बॅटरीवरचाच सेट घ्यायचा, हा तुमचा हट्ट मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण हे वाचून कोणीतरी लगेच स्क्रूड्रायव्हर हातात घेईल.

मग जेल रोडवरून बीएफडब्ल्यू१० नावाचा एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आणला. केबल थेट आयएफटीला (सेटमधल्या ४५५ ला लावलेल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला) का जोडायची नाही, हे तुम्ही आकड्यांत सांगितलंत: कोअॅक्स केबलच्या एका मीटरचं कपॅसिटन्स साधारण १०० पिकोफॅरॅड, तेवढं आयएफटीवर पडलं की तिचं ट्यूनिंग सरकतं आणि चांगला चाललेला सेट मुका होतो. म्हणून मिक्सरनंतर (जिथे स्टेशन ४५५ वर येतं) छोटा कपॅसिटर, मग एफईटी, आणि त्याच्या सोर्स नावाच्या पायावरून केबल. सोल्डरिंग सगळं माझ्याकडूनच करून घेतलंत. सोल्डरिंग आयर्न तुमच्या हातात असतं तर काम पटकन उरकलं असतं, पण तुम्ही स्टुलावर बसून राहिलात.

त्या संध्याकाळी जीक्यूआरएक्स या रेडिओच्या प्रोग्रॅमच्या पडद्यावर शेजारशेजारची स्टेशनं पहिल्यांदा उभी राहिली. पहिल्या आयएफटीमुळे पट्टा फार रुंद मिळत नाही, तरी पाच-पाच किलोहर्ट्झवरच्या त्या रेघा बघताना बाबा खुर्ची ओढून जवळ आले. आणि डायल वर फिरवला की स्टेशनं भलत्याच बाजूला सरकायची! तुम्ही पाठकोरा कागद घेतलात. सेट ७१०० किलोहर्ट्झवर, त्याचा ऑसिलेटर (स्वतःची लहर तयार करणारा भाग) ७५५५ वर, फरक ४५५. आता ७११० चं स्टेशन घ्या: फरक ४४५. वरचं खाली, खालचं वर. प्रोग्रॅममध्ये आय आणि क्यूची (सिग्नलच्या दोन जोडधारांची) अदलाबदल केली की चित्र सुलट. चाळीस मीटरच्या पट्ट्यावरचे हॅम (हौशी रेडिओवाले) लोअर साइडबँडवर (मूळ लहरीच्या फक्त खालच्या बाजूवर) बोलतात, ते आधी अपरवर का स्पष्ट ऐकू येत होते, तेही त्याच कागदावर सुटलं. इतकं नीट समजावणारा शिक्षक मला शाळेत-कॉलेजात क्वचितच भेटला.

सिंक्रोनस एएमची ओळखही तुमचीच. फेडिंगमध्ये (सिग्नल कमीजास्त होताना) कॅरिअर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, खचतो आणि साइडबँड उरतात, तेव्हा साधा डायोड आवाज चिरकवतो. प्रोग्रॅम स्वतःचा कॅरिअर तयार करून मूळच्या कॅरिअरला धरून ठेवतो. ३१ मीटरच्या शॉर्टवेव्ह पट्ट्यावर हा फरक बाबांच्या कानांनी माझ्याआधी टिपला.

घरातला गोंगाट शोधायला तुम्ही मेन स्विच पाडायला लावलात, लॅपटॉप बॅटरीवर ठेवून. वॉटरफॉलवरचे (पडद्यावर सरकत जाणाऱ्या सिग्नलच्या चित्रावरचे) जाड पट्टे क्षणात गेले. मग एकेक खटका लावत गेलो, आणि जिन्यातल्या एलईडी दिव्यापाशी पट्टे परत आले. दिवा बदलला. मृगाआधीच्या विजा पडद्यावर आडव्या रेघा मारू लागल्या की एरियल काढायचं, हा नियम आई आता माझ्याहून काटेकोरपणे पाळते.

काका, तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, आणि माझा एकही प्रश्न लहान मानला नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार.

तुमची आकृती मी स्वच्छ काढून ठेवली आहे. गल्लीतल्या दोन मुलांना हवी आहे. देण्याआधी रेझिस्टरच्या व्हॅल्यू तुमच्या नजरेखालून गेलेल्या बऱ्या. रविवारी सकाळी या, काकूंनाही घेऊन या. चहा आधीच टाकलेला असेल.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची विद्यार्थिनी
रामबाग, इंदूर