समुद्राचं पाणी न मोजणारं ‘मरीन’ मीटर परत घेण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

चॅटवर तीनदा सांगून झालं, दर वेळी नवीन माणूस येतो आणि पहिल्यापासून विचारतो, म्हणून आता सगळं एकदाच लिहून पाठवतोय, कृपया शेवटपर्यंत वाचा.

मी रत्नागिरीत राहतो. घरी चार फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, अडीचशे लिटरचा, त्यात क्लाउनफिश आणि डॅमसेल हे समुद्री मासे. (कोरल म्हणजे प्रवाळ नाही, ते आपल्याकडे कायद्याने ठेवता येत नाही, तरी तुमची माणसं दर वेळी कोरलबद्दल विचारतात.) पाणी मी समुद्राचंच वापरतो, ओळखीचे बोटवाले बाहेरून कॅन भरून आणून देतात. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, आणि किनाऱ्याचं पाणी म्हणाल तर भाट्याला काजळी नदी येऊन मिळते, पावसात ते पाणी गढूळ आणि अर्धं गोडं. म्हणून मेमधेच ड्रम भरून ठेवायचे आणि खारटपणावर नीट नजर ठेवायची, एवढ्यासाठी मला चोवीस तास चालणारं मीटर हवं होतं. ऑर्डरच्या आधी हे सगळं चॅटवर लिहिलं होतं. तुमच्या सेल्सवाल्या ताईंनी हेच मॉडेल सुचवलं, पेजवर पण ‘मरीन’ लिहिलंय. साडेआठ हजार भरले.

संपमधे, म्हणजे टँकला जोडलेल्या फिल्टरच्या पेटीत, मीटरचा प्रोब (पाण्यात बुडवायची कांडी) सोडला तर ॲपवर खारटपणा आला १०. समुद्राचा असतो ३५ च्या आसपास, म्हणजे लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ. पाऊस चालू, ड्रम पडवीत, मला वाटलं पागोळ्यांचं पाणी ड्रमात गेलं असणार, म्हणजे चूक माझीच. म्हणून दोन दिवसात मिळून दोन किलो सॉल्ट मिक्स घातलं. आकडा १० च. बरं, थोडा तरी हलायला हवा ना? तोपर्यंत एक डॅमसेल गेला होता आणि क्लाउनची जोडी कोपऱ्यात धापा टाकत होती. शिरगावच्या फिशरीज कॉलेजात शिकणाऱ्या मित्राला हाक मारली, तो रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यातून खारटपणा दाखवणारी दुर्बिणीसारखी नळी) घेऊन आला, त्यात ४३. त्रेचाळीस! मग चार दिवस रोज थोडं खारं पाणी काढून तेवढं आरओचं घालत हळूहळू खाली आणलं. मित्रासमोर माझा जो पोपट झाला तो वेगळाच.

नंतर मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात रेंज सापडली, ० ते २० मिलिसिमेन्स. मीटर खारटपणा काढतं तो कंडक्टिव्हिटीवरून, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते त्यावरून, आणि हे त्याचं माप. अहो, २५ डिग्रीला समुद्राच्या पाण्याची कंडक्टिव्हिटीच ५३ च्या आसपास असते! म्हणजे तुमचं मीटर २० वर जाऊन अडकतं आणि ॲप त्याचं निम्मं करून १० दाखवतं. रेंजच्या बाहेर गेलं तर स्क्रीनवर एरर यायला हवा होता, तो आला असता तर मी मिठाच्या पिशवीला हातच लावला नसता. सोबतचं कॅलिब्रेशनचं (मीटर जुळवून घ्यायचं) पाणी १४१३ मायक्रोसिमेन्सचं, म्हणजे जेमतेम १.४ मिलिसिमेन्स, ते गोड्या पाण्यासाठी. पीएच जुळवायच्या पुड्या ४.०१ आणि ६.८६ च्या, आणि टँकचा पीएच असतो ८.२ च्या आसपास, मग ९.१८ ची पुडी कुठाय? सगळा डबा गोड्या पाण्याचा, वर फक्त ‘मरीन’चा स्टिकर.

तुमच्या सपोर्टने यावर उपाय काय सांगितला तर पाण्यात चौपट डिस्टिल्ड वॉटर मिसळा, मोजा आणि आकड्याला पाचने गुणा. एकतर पाणी पातळ केल्यावर कंडक्टिव्हिटी त्याच हिशोबात उतरत नाही, त्यामुळे गुणाकार चुकतोच. आणि रात्रंदिवस संपमधे लटकणाऱ्या प्रोबला पाणी पातळ करून कोण देणार, मी तिथे तांब्या घेऊन बसू का?

लाईट जाऊन आली की मीटर वायफाय आपणहून पकडत नाही, बटण दाबावं लागतं. आमच्याकडे पावसात लाईट दिवसाला किती वेळा जाते ते विचारू नका. पण हे एक वेळ चालवून घेतलं असतं.

रिफंड मागितला तर उत्तर काय, प्रोब ओला झालाय, वापरलेली वस्तू परत घेत नाही. पाणी मोजायचं यंत्र कोरडं ठेवून कसं वापरतात ते तरी सांगा. जाहिरातीत सांगितलेलं काम वस्तू करत नसेल तर ती परत घ्यायला नाही म्हणता येत नाही, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, हेही त्यातच आहे. पोच आली नाही तर मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन लावणार, चॅटचे सगळे स्क्रीनशॉट ठेवलेत.

मला पूर्ण पैसे परत हवेत, बदली मॉडेल नको, आणि पेजवरचं ‘मरीन’ काढा, नाहीतर पुढचा कोणीतरी असंच मीठ ओतत बसेल. मेलेल्या माशाचे पैसे मागत नाहीये.

बॉक्स पॅक करून ठेवलाय. कुरिअरवाला आमच्या वाडीत मंगळवारी आणि शुक्रवारीच येतो, त्या हिशोबाने पिकअप लावा, मागच्या वेळी रविवारचा लावला होता.

आपला,
एक ग्राहक, रत्नागिरी