मृगाआधी मांगर शाकारायचा आहे

वाडीतील ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि मुंबई-पुण्यातील चाकरमानी मंडळींना सप्रेम नमस्कार.

व्हाळाच्या (ओढ्याच्या) वरच्या अंगाचा जुना मांगर, म्हणजे गवताने शाकारलेले शेतघर, सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गेल्या पावसात त्याच्या छपराचे पश्चिमेचे पाखे (उतार) बसले आणि वासे उघडे पडले. घरवाल्यांनी मांगर मंडळाकडे सोपवला आहे. मृग ७-८ जूनला निघतो. त्याआधी शाकारणी झाली नाही तर भिंतीही जातील.

'सरळ पत्रा टाका' असे बरेच जण सुचवतात. त्यांच्यासाठी थोडे सविस्तर. भिंती आपल्याच सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) जांभ्या दगडाच्या आहेत. चिरा खाणीतून निघतो तेव्हा सहज तासता येतो, मग वारा-ऊन खाऊन टणक होतो. हे चिरे नुसत्या मातीत बसवलेत, चुना बोटभरही नाही. छपराचा भार भिंतींवर नाहीच, आतल्या लाकडी मेढींवर (खांबांवर) आहे. पाखे इतके उभे की पाणी गवतात मुरायच्या आत वळचणीला येते. आणि वळचण भिंतीपासून चांगली दोन हात पुढे. म्हणून तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलूनही सांधे कोरडे राहिले. पत्रा घालताना आपण वळचण आखूड करतो, पागोळ्या थेट पायाशी पडतात. (आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली बसून दाखवावे, मग बोलू.)

मांगर पावसाने नाही, चूल विझल्यामुळे खचला. रोजच्या धुराने गवत सुके राहायचे, किडा लागत नसे. १८६५ मध्ये मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, पुढे ती कौले गलबतांनी आपल्या बंदरांवर उतरली आणि घरे कौलारू झाली. गवत उरले ते मांगरांवर. आता तिथेही कोणी राहत नाही.

शाकारणी जाणणारे वाडीत एकच आजोबा उरलेत. ते आता चढू शकत नाहीत, पण खाली खुर्ची टाकून सांगतील: वळचणीपासून आढ्याकडे जायचे, प्रत्येक थर खालच्यावर निम्म्याहून जास्त चढवायचा, वर बांबूची कांब दाबून सुंभाने आवळायची. गेल्या महिन्यात पडवीच्या कोपऱ्यावर आम्ही करून पाहिले. त्यांनी हात घालून ओढले, सगळा थर त्यांच्या हातात आला. "परत बांधा," एवढेच म्हणाले.

करडाचे (शाकारणीच्या सुक्या गवताचे) तीनशे भारे लागतील, जमले आहेत एकशे ऐंशी. ज्यांच्या सड्यावर करड कापून ठेवले आहे त्यांनी कळवावे, टेम्पो आम्ही पाठवू. बांबू, सुंभ आणि दोन मेढी बदलण्यासाठी लाकूड विकत घ्यावे लागेल; त्यासाठी यथाशक्ती रक्कम मंडळाच्या खजिनदारांकडे द्यावी, पावती घ्यावी. हिशेब देवळाच्या फळ्यावर लागेल.

चाकरमान्यांनो, मे महिन्यात याल तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढा. पेज आणि फणसाची भाजी मंडळाकडून. कोयता आपापला आणावा.

आपले,
ग्रामस्थ मंडळ