एमआरआयच्या बिलावर औषधाचं नाव लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

माझ्या पत्नीच्या मेंदूच्या आवरणावर बोराएवढी गाठ आहे. कॅन्सरची नाही, पण वाढतेय का हे बघायला २०१८ पासून सहा वेळा एमआरआय झाला. सेलूहून सकाळच्या गाडीने छत्रपती संभाजीनगर गाठायचं, बांगड्या-मंगळसूत्र काढून माझ्या रुमालात बांधायचं, मग नंबर येईपर्यंत बसायचं. मध्येच एक इंजेक्शन देतात. कसलं, म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर, "डाय आहे काका. पाणी पाजा भरपूर, लघवीवाटे निघून जाईल."

बहुतेक जातं, तेही एका दिवसात. थोडं मात्र राहतं, हाडात आणि मेंदूतही. या डायमध्ये गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. मी ३१ वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. आवर्तसारणीच्या तळाशी वेगळी काढलेली ओळ असते ना, त्यात ६४ व्या क्रमांकावर हा. 'यावर प्रश्न येत नाही' म्हणून मी दरवर्षी पुढं जायचो.

हा धातू मोकळा असला तर विषारी, म्हणून तो रेणूत बांधून देतात. एका प्रकारात जनावर दाव्याला बांधावं तसा, दुसऱ्यात कोंबडी खुराड्यात कोंडावी तसा. दावं सुटतं, हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांना दिसलं, की ज्यांना हे इंजेक्शन अनेकदा दिलं त्यांच्या मेंदूचे ठरावीक भाग साध्या एमआरआयमध्येही उजळ दिसतात. २०१७ मध्ये युरोपने दाव्याच्या प्रकारातल्या काही औषधांची परवानगी स्थगित केली.

घाबरवायचा हेतू नाही. किडनी चांगली असेल तर मेंदूत उरलेल्या धातूने अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. किडनी फार बिघडलेली असेल तर मात्र या औषधांनी कातडी आणि सांधे आखडण्याचा गंभीर आजार झालेला आहे. (आम्हाला क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट पहिल्यांदा मागितला तो तिसऱ्या खेपेला!) डायशिवाय गाठ नीट दिसत नाही, तेव्हा सातव्या वेळीही आम्ही ते घेऊच.

तक्रार वेगळीच आहे. सहाही बिलं काढून बसलो. पाचांवर नुसतं 'कॉन्ट्रास्ट', म्हणजे डाय; रिपोर्टवरही तेवढंच. चौथ्या खेपेला औषध खालच्या मेडिकलमधून आणायला लावलं, म्हणून त्याचं खोकं घरी आलं. त्यावर लिहिलंय गॅडोडायामाइड, म्हणजे दाव्याचा प्रकार. बाकी पाच वेळा काय दिलं, देव जाणे. साधी सलाइनची सुई बिलात नावानिशी लावतात, मग हेच का नाही? युरोपात कुपीवरचं लेबल सोलून रुग्णाच्या कागदाला चिकटवायचा दंडक आहे. आपल्याकडे निदान औषधाचं नाव आणि किती मिलि दिलं, एवढं रिपोर्टवर लिहायला आरोग्य खात्याने लावावं.

पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे. ते खोकं फाइलला टाचून ठेवलंय. या वेळी सुई टोचायच्या आधी ते दाखवून विचारणार, हेच आहे का दुसरं.

— एक निवृत्त शिक्षक, सेलू (जि. परभणी)